मालन कोळेकर रजेवर आहेत

रसवंत बेदाणा केंद्राचे मालक भालचंद्र आवटी कामगारांच्या स्वप्नात येऊन काम करून घेत, आणि याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती.

तासगावहून मिरजेकडे निघालं की निळ्या पत्र्याची एक लांबलचक शेड लागते, तिथली ही गोष्ट. दिवसा तिथं बायका टेबलाला बसून बेदाणा निवडत. काडी काढायची, काळा एकीकडं, पिवळा एकीकडं, हिरवा जपून तिसरीकडं. संध्याकाळी घरी जायचं, भाकरी थापायची, आडवं व्हायचं. डोळा लागला की थोड्या वेळानं आवटी मालक स्वप्नात येत. पांढरी विजार, पांढरा सदरा, हातात भरलेला ट्रे. "एवढा करून टाक," म्हणत. बाई करून टाकी. सकाळी गोदाम उघडलं की तेवढ्या पेट्या भिंतीला लावून तयार. स्वप्नातला बेदाणा रंगाला उजळ निघे, त्यात काडी शोधून सापडत नसे, आणि दिल्लीचे व्यापारी आधी तोच मागत.

जुन्या बायकांना याचं भारी कौतुक. सकाळी एप्रन बांधता बांधता एकमेकींना सांगत, काल माझ्याकडं दोनदा आले, माझ्याकडं तर पहाटेपर्यंत बसले होते. एखादीच्या स्वप्नात मालक आठवडाभर फिरकले नाहीत तर तिचं तोंड उतरे. आपल्या हाताला काही खोट आली का, म्हणून ती देवाला नारळ बोले. ताराक्का मुकादम यात सगळ्यांच्या पुढं. कुणी नवी पोर कुरकुरली की ताराक्का म्हणत, "नुसतं झोपून तरी काय करायचं असतंय?" आणि याला कुणाकडंही उत्तर नसे, कारण नुसतं झोपून पाहिलेलं त्या शेडमध्ये कुणी नव्हतंच.

शीतल कोळेकर तिथं कामाला लागली ती आईच्या जागेवर. शीतल बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आई गेल्यावर घरात चार मोठी माणसं बसली, चहा प्यायली आणि शीतलचं कॉलेज बंद करून उठली. त्यातल्या एकानंही तिला विचारलं नाही, आणि चहा तिनंच केला होता.

आई म्हणजे मालन. तिनं कावीळ अंगावर काढली. रजा मागायची म्हणजे ताराक्काला विचारायचं, ताराक्का म्हणणार ऐन हंगाम आहे, म्हणून मालननं विचारलंच नाही. पिवळीधमक झालेली बाई पिवळा बेदाणा निवडत बसली होती. शेजारणी म्हणाल्या, मालन, तुझा हात कुठला आणि बेदाणा कुठला कळंना बघ. सगळ्या हसल्या. मालनही हसली म्हणे. त्याच आठवड्यात ती गेली.

शीतलच्या स्वप्नात मालक पहिल्या दिवसापासून येत होते. तेवढं तिनं सोसलं, कारण सगळ्याच सोसत होत्या. पण वर्ष उलटून गेल्यावर एकदा स्वप्नात आई आली.

नीट आली होती. जरीकाठाचं लुगडं, केसांत अबोली, हातात डबा. लेकीला भेटायला निघालेली बाई जशी येते तशी. स्वप्नात शेड होती, टेबलं होती, मालक होते. शीतल उठून पुढं होणार, तेवढ्यात मालकांनी आईला दारातच गाठलं. "मालन, आलीच आहेस तर एवढा ट्रे कर," म्हणाले. आईनं डबा खाली ठेवला, कुठून तरी एप्रन काढून बांधला आणि बसली. मान खाली, बोटं चालू. शीतलनं हाक मारली. "एवढं होऊ दे," आई म्हणाली आणि मान वर केली नाही. ट्रे संपत आला की मालक मागून ओंजळ ओंजळ टाकत. शीतलला जाग आली तेव्हाही आई निवडतच होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डबा टेबलाखाली तसाच. त्यात काय आणलंय हेसुद्धा शीतलला कळलं नाही.

तिनं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर कुणाशी वाकडं नको म्हणून सगळ्यांशी सरळ वागलेला माणूस, म्हणजे घरातल्यांशी सोडून. त्यांनी आधी छताकडं पाहिलं. मग म्हणाले, "निदान आई दिसते तरी तुला. गप घे. माझ्या स्वप्नात तर येतच नाही."

शेजारपाजारच्यांनी, मावशीनं, चुलत्यांनी, सगळ्यांनी हेच सांगितलं. दिसते ना? मग झालं. मोठी माणसं समजूत काढताना दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या घरातली जुनी चादर पांघरवतात आणि वर म्हणतात, बघ किती ऊब आहे. शीतलनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी सकाळी ती तक्रार द्यायला गेली.

केंद्रात तक्रारीची सोय होती. जेवणाच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, कामगारांना कोणकोणत्या कारणांवरून मालकाविरुद्ध रीतसर तक्रार करता येते त्याची. पाटीखाली तक्रारपेटी होती. तीत ताराक्का साखर ठेवत, मुंग्या लागत नाहीत म्हणून. तेव्हा शीतलनं तक्रार थेट ऑफिसात मगदूमच्या हातात दिली. मगदूम कामगारांचं सगळं बघे. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट कुठल्या तरी रकान्यात बसलेली आवडे.

त्यानं शांतपणे विचारायला सुरुवात केली. पगाराबद्दल आहे का? शीतल म्हणाली नाही, पगार नको. कामाचे तास? मगदूम स्वतःच थांबला. तास मोजायचे तर माणसाला कधीतरी घरी जावं लागतं, आणि मालनबाई कुठल्या घरी जाणार? सुरक्षितता?  मालनबाईंना आता कशापासून वाचवायचं हा प्रश्नच होता. अपमानास्पद वागणूक? मालक आईशी गोडच बोलतात, हे शीतलला मान्य करावं लागलं. भेदभाव? तोही नाही, मालक जिवंत बायकांकडूनही असंच करून घेत होते.

"मग तक्रार नक्की काय आहे?" मगदूमनं विचारलं.

"माझी आई मला भेटायला येते, आणि मालक तिला कामाला बसवतात."

मगदूमनं पेन उचललं, ठेवलं. "हे 'इतर' मध्ये जाईल," तो म्हणाला.

'इतर' ला जागा दोन बोटं होती. शीतलनं तेवढ्यात बसवलं.

शेडमध्ये बातमी पसरायला एक चहा पुरला. बायका टेबलावरून तिच्याकडं चोरून बघायला लागल्या. ताराक्का तिच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुझी आई बावीस हंगाम या टेबलाला बसली, एक दिवस तोंडातनं शब्द काढला नाही. शीतल काडी काढत म्हणाली, म्हणूनच काढतेय. ताराक्का म्हणाल्या, पोरी, मेलेल्या माणसावरनं भांडू नये. शीतल म्हणाली, मेलेल्या माणसाकडून काम करून घेऊ नये. टेबलावर कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं हसण्यासारखं होतं. ताराक्कांनी सगळीकडं नजर फिरवली, पण खोकला काही सापडला नाही.

आठवड्याभरात केंद्राचं उत्तर आलं. मगदूमनं ते तिला वाचून दाखवलं, कारण त्याला ते पटलं होतं आणि पटलेली गोष्ट वाचून दाखवायला त्याला आवडे. म्हणणं असं होतं की, केंद्रात नोकरी सोडताना एप्रन परत करावा लागतो. एप्रन परत केला की माणूस मोकळा. मालन कोळेकर यांचा एप्रन परत आलेला नाही. सबब त्या कामावर आहेत. कामावर असलेल्या बाईला काम देणं हा मालकाचा अन्याय होत नाही.

शीतल म्हणाली, "एप्रन तिच्याबरोबर जळाला."

तो जळला होता हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. मालन सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, हळदकुंकू झालं. तिरडी उचलणार तेवढ्यात ताराक्का गर्दीतून पुढं आल्या. काखोटीला मालनचा एप्रन होता, धुऊन इस्त्री केलेला, छातीवर द्राक्षाचा घड भरलेला. तो त्यांनी लुगड्यावरून तिच्या अंगावर पसरला आणि मोठ्यानं म्हणाल्या, आमची कामाची बाई कामाच्या कपड्यात जाऊ दे. माणसं गहिवरली. आप्पांनी हात जोडले. मालकांनी मान डोलावली. मोठ्या माणसांना मान द्यायची फार हौस असते, आणि तो मान नेमका कुठं जाऊन बसणार हे ती कधी बघत नाहीत. शीतलच्या तेव्हा मनात आलं होतं की तो काढून टाकावा. पण ती एकोणीस वर्षांची होती आणि चार मोठी माणसं रडत होती.

"जळाला हे दुर्दैव," मगदूम म्हणाला. "पण परत आला नाही ही नोंद आहे."

शीतल उठली नाही. थोडा विचार करून तिनं विचारलं, म्हणजे ती कामावर आहे, हे केंद्राचं म्हणणं? मगदूम म्हणाला हो. लेखी? मगदूमनं कागद पुढं केला. म्हणजे इतर बायकांना जे लागू ते तिलाही लागू? मगदूमनं सवयीनं पुन्हा हो म्हटलं, आणि मग त्याला कळलं की आपण जरा घाईनं म्हटलं.

"तर मग तिला रजा द्या," शीतल म्हणाली. "बावीस हंगामात तिनं हक्काची एक रजा घेतलेली नाही. रजा नाकारणं भिंतीवरच्या पाटीत आहे. खालून दुसरं."

मगदूम उठून पाटी बघून आला. होतं.

मालकांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. आवटी मालक रागावत नसत, त्यांना त्याची गरज पडत नसे. त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. पहिलं असं की, मी मालनला शेडमध्ये बोलावलं नाही. स्वप्न शीतलचं, बाई शीतलची. मी फक्त ट्रे देतो. दुसरं, रजा ज्याची त्यानं मागायची असते. मालननं मागितली तर बघू. ती काम करतेय तोवर मला तिथून हलता येत नाही, कारण हात चालू असताना देखरेख सोडायची नाही हा केंद्राचा नियम आहे आणि तो मीच केलाय.

तेव्हा तक्रारीची सुनावणी शीतलच्या स्वप्नातच घ्यावी लागणार होती. आढेवेढे कुणी घेतले नाहीत. तक्रार समितीत दोघं होते. अध्यक्ष शेटे सर, म्हणजे शीतल ज्या कॉलेजातून बाहेर पडली तिथले निवृत्त प्राचार्य, आणि महिला प्रतिनिधी म्हणून ताराक्का. शेटे सर एरवीही समितीच्या बैठकीत झोपतच. शीतलला कॉलेज सोडल्याचा दाखला दिला तेव्हाही ते पेंगत होते. त्यांनी सही केली, जा म्हणाले, का जातेस हे काही विचारलं नाही. या खेपेला त्यांच्या झोपेचा पहिल्यांदाच कामासाठी उपयोग होणार होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शेडमध्ये सतरंज्या घातल्या. पंखे लावले. शीतल मधे आडवी झाली, एका बाजूला ताराक्का, मग मगदूम, पलीकडं शेटे सर, आणि भिंतीकडेला मालक. झोपताना ताराक्कांनी शीतलच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं, अजून वेळ गेलेली नाही, रजा मिळाली तर ती पुन्हा दिसायची नाही तुला. शेड सोडून गेलेली बाई शेडमध्ये कशाला येईल? शीतलला हे ठाऊक होतं. गेल्या कित्येक दिवसांत तिनं दुसरा विचारच केला नव्हता. ती म्हणाली, झोपा आता, आणि डोळे मिटले. सगळ्यात आधी शेटे सर घोरायला लागले. बाकीच्यांना जरा वेळ लागला. शीतलच्या स्वप्नात शिरायची वाट मालकांना पाठ होती, इतर त्यांच्या मागून आले.

स्वप्नातली शेड दिवसाच्या शेडसारखीच होती, फक्त खिडक्या नव्हत्या. आई टेबलाला बसली होती. जरीकाठाच्या लुगड्यावर एप्रन, केसांतली अबोली सुकलेली, डबा पायाशी. बोटं चालू.

शेटे सरांनी खुर्ची ओढून घेतली, घसा खाकरला आणि कामकाज सुरू झाल्याचं सांगितलं. मालन कोळेकर यांनी पुढं यावं. मालन म्हणाली, "एवढा ट्रे होऊ दे, सर."

सर थांबले. ट्रे संपत आला. मालकांनी मागून ओंजळ टाकली.

पुन्हा थांबले. पुन्हा ओंजळ पडली. असं पुष्कळ वेळा झालं. सर म्हणाले, कामगारानं तक्रार नसल्याचं कृतीनं दाखवून दिलेलं आहे, असा अर्थ काढता येईल. मगदूमनं मान डोलावली. मालकांनी सदऱ्याला हात पुसले.

शीतल आईच्या समोर जाऊन बसली. ती रागावली होती, आणि मालकांपेक्षाही आईवर. "आई, हा ट्रे होणार नाही," ती म्हणाली. "तुझा कधीच झाला नाही. माझ्या दहावीच्या निकालाला तू एवढं होऊ दे म्हणालीस. दवाखान्यात जायचं होतं तेव्हा एवढं होऊ दे म्हणालीस. मला भेटायला आलीस आणि मला बघितलंसुद्धा नाहीस."

"हात थांबत न्हाईत गं," मालन खाली बघूनच म्हणाली. तिचा आवाज घाबरल्यासारखा होता. "मी थांबवाय बघते. न्हाई थांबत."

आणि तेव्हा शीतलच्या ध्यानात आलं. शेडमधले हात कुणी आपणहून थांबवत नसे. ते घंटेवर थांबत. दारापाशी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्याच्यावर ताराक्का लोखंडी दांडा मारत, आणि त्या आवाजासरशी सगळ्या टेबलांवरची बोटं एकदम थांबत, मग बेदाणा अर्धा हातात का असेना. स्वप्नातल्या शेडमध्येही रूळ होता. दांडाही होता. फक्त स्वप्नात तो कधी कुणी वाजवला नव्हता, कारण ताराक्का आपल्या स्वतःच्या स्वप्नात कामाला असत.

आज त्या इथं होत्या.

"ताराक्का, घंटा द्या," शीतल म्हणाली.

ताराक्कांनी मालकांकडं पाहिलं. मालक म्हणाले, घंटेची वेळ झालेली नाही. ताराक्का म्हणाल्या, मालक नाही म्हणतात. दिवसासुद्धा त्या घंटा थोडी उशिरानंच देत, मालकांच्या नजरेत बरं दिसावं म्हणून. बायकांच्या पाठी त्या उशिरात भरून येत. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि आपल्या पोरीबाळींना घडवतो आहोत अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"एप्रन तुम्ही घातलात तिच्या अंगावर," शीतल म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मान दिलात, आणि त्या मानापायी ती अजून इथं बसलीय. आता घंटा तरी द्या. नाही दिलीत तर एक लक्षात ठेवा. उद्या तुम्ही गेलात की तुमचा एप्रन मी धुऊन, इस्त्री करून घेऊन येईन."

ताराक्कांचा चेहरा बदलला. त्या मालनच्या चालत्या बोटांकडं बघत राहिल्या. मग त्या दारापाशी गेल्या, दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि असा हाणला की शेटे सर स्वप्नातल्या स्वप्नातून जागे झाले.

मालनची बोटं थांबली.

तिनं ती आधी उलटसुलट करून पाहिली. मग मान वर केली. लेकीकडं पाहिलं.

"किती वाळलीस," ती म्हणाली.

शीतलला जे काही बोलायचं होतं ते सगळं त्या दोन शब्दांत गेलं.  मालननं शेडकडं पाहिलं, मालकांकडं पाहिलं, खुर्चीतल्या सरांकडं पाहिलं. मग विचारलं, एवढी माणसं कशाला जमलीत?

"आई, तू गेलीस," शीतलनं सांगितलं.

"कधी?"

"कावीळ झाली होती तेव्हाच."

मालन विचारात पडली. "मला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"तू मान वर केली नाहीस."

हे तिला पटलं असावं. तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर पुन्हा नीट खोचला आणि उठून मालकांसमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मागत होती, त्यामुळं शब्द जुळवायला तिला थोडा वेळ लागला.

"मालक, रजा पायजे."

"कारण?" मालकांनी विचारलं. कारण विचारायचा नियम होता.

"घरात मयत झालीय."

"कुणाची?"

"माझीच," मालन म्हणाली.

 मयतीच्या रजेला आवटी मालकांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्याबद्दल ते पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. मालक म्हणाले, पण या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. यावर शेटे सर पूर्ण जागे झाले, कारण हा त्यांच्या आवडीचा विषय होता. ते म्हणाले, तसं नाही. माणूस लांब असेल तर बातमी कळल्यापासून सुतक धरतात. यांना बातमी आत्ता कळली. आपण सगळे साक्षीला आहोत. सुतक आत्तापासून.

मगदूमनं विचारलं, किती दिवस लिहू? आईबाप गेले तर तेरा दिवस असतात, मामाला तीन. स्वतः गेल्यावर किती, याचा रकाना नव्हता. सरांनी बराच विचार केला. स्वतःपेक्षा जवळचं नातं नाही, तेव्हा तेराच्या खाली येता येत नाही, आणि वर कुठं थांबायचं ते शास्त्रात दिलेलं नाही. शेवटी त्यांनी मजकूर सांगितला: सुतक संपेपर्यंत रजा मंजूर. सुतक संपल्याचं घरच्यांनी कळवावं.

"घरची मी," शीतल म्हणाली.

मालक म्हणाले, ठीक आहे. मालनची रजा झाली, पण शीतलचं काम नेहमीप्रमाणं चालू राहील, आणि त्यांनी ट्रे उचलून तिच्यापुढं धरला. तेव्हा ताराक्का अंग चोरून मागं सरल्या. त्या सुतकाच्या बाबतीत फार कडक होत्या. घरात पाल मेली तरी देवपूजा बंद ठेवणाऱ्या.

"मालक, सुतकातल्या घरचा माल?" त्या म्हणाल्या. "आपला बेदाणा लोक प्रसादाला वापरतात."

मालकांच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि हात कशाला पुसावेत ते न कळून तसेच धरून उभे राहिले.

मालननं एप्रन सोडला, झटकला आणि रजेवर जाणारी बाई लावते तसा खुंटीला लावला. पायाशी ठेवलेला डबा उचलून शीतलच्या हातात दिला. दारात मालक उभे होते. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. ती गेली. शीतलनं डबा उघडून पाहिला. उकडलेल्या शेंगा होत्या, मिठातल्या, अजून गरम.

सगळे जागे झाले तेव्हा पंखे चालू होते. शीतलच्या बोटांना मीठ लागलेलं होतं. शेडच्या खुंटीवर एप्रन लटकत होता, छातीवर द्राक्षाचा घड. मगदूमनं जवळ जाऊन वास घेतला आणि नोंद केली: एप्रन जमा, किंचित धुरकट, वापरण्याजोगा. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शीतलला म्हणाला, आता एप्रन आलाच आहे तर बाईंना कायमचं मोकळं करता येईल, प्रकरण बंद. शीतल म्हणाली, नको. तिला जन्मात रजा मिळाली नाही. आधी रजा घेऊ दे.

तेव्हापासून मगदूम दर महिन्याला विचारतो, सुतक संपलं का? शीतल सांगते, अजून नाही. तो लिहून घेतो.

मालक तिच्या स्वप्नात येत नाहीत. हळूहळू इतर बायकांनाही आपापल्या घरातली मयतं आठवायला लागली आहेत. सासरे, आत्या, एखादं पोटातच गेलेलं मूल, ज्यांचं सुतक हंगामामुळं धड पाळता आलं नव्हतं. मगदूमकडं दुपारी रांग असते. गोदामातल्या सकाळच्या पेट्या कमी झाल्यात. दिल्लीचे व्यापारी फोन करतात, आणि त्यांना सांगावं लागतं की सुतक आहे.

मालनच्या बातम्या मात्र येत असतात. ती पहिल्यांदा जतला भावाच्या स्वप्नात गेली, पोटभर जेवली आणि ताट न घासता उठली. भाऊ अजून सांगतो. ताराक्कांकडं गेली तेव्हा ताराक्कांनी चहा केला, तर साखर कमी आहे म्हणून परत दिला. आप्पांच्या स्वप्नात येऊन नुसती झोपली, दिवसभर, कुशीसुद्धा बदलली नाही. आप्पा जवळ बसून राहिले आणि त्यांनी तिला उठवलं नाही, हे त्यांनी शीतलला सांगितलं तेव्हा शीतल त्यांच्याकडं बराच वेळ बघत होती.

शीतलच्या स्वप्नात अजून यायची आहे. नातेवाईक पुष्कळ आहेत, आणि आयुष्यात ती कुणाकडं गेली नव्हती. शीतलनं स्वप्नातली टेबलं बाहेर काढलीत, भिंतीला एक खिडकी पाडलीय, सतरंजी घालून ठेवलीय. रिकामा डबा घासून कोनाड्यात आहे. आई येईल तेव्हा येईल. कामाला येणार नाही, एवढं लेखी आहे.